डावीकडचे माप

देहाला मध्यरेषा असते ही गोष्ट माणसाच्या ध्यानात प्रथम केव्हा आली असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. पाषाणातून मूर्ती घडविणारे जुने शिल्पी म्हणे आधी मस्तकापासून पावलांपर्यंत ओळंबा सोडीत आणि मग त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अंगुळे मोजून एकेक अवयव बसवीत. देवतेच्या बाबतीत हे सोपे असावे. तिला रोज एकाच खांद्यावर पिशवी अडकवून जिने चढावे लागत नाहीत.

ज्यांच्याविषयी हे लिहीत आहे त्या बाई असेच काम माणसांसाठी करतात, आणि तेही कापडावर. एका रंगाच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, अठरा शिलाई यंत्रांचा कारखाना आहे. तेथे बायकांचे कपडे मापाने शिवले जातात. खिडकीलगत अकरा फूट लांबीचे, कमरेइतके उंच मेज आहे आणि त्या मेजापाशी त्या सव्वीस वर्षे उभ्या आहेत. कापड बेतणे, म्हणजे घेतलेल्या मापाप्रमाणे आखून कापणे, हे त्यांचे काम. पूर्वी त्या जागी एक पुरुष असे व त्याला सारे 'मास्तर' म्हणत. तो गेला तेव्हा त्याची कात्री, त्याचे उंच स्टूल आणि त्याचे संबोधन अशी तिन्ही वतने यांच्याकडे आली. आजही त्या दारातून आत शिरल्या की यंत्रांवरून "मास्तर आले" अशी कुजबुज होते. व्याकरणाची ही हेळसांड त्यांना मनापासून आवडते, म्हणून मीही त्यांना मास्तरच म्हणतो.

त्यांची कापण्याची रीत पाहण्यासारखी आहे. कापडाची उभी घडी घालायची, घडीची कड आपल्या बाजूला ठेवायची, तिच्यावर जाड खाकी कागदाचा अर्धा नमुना मांडायचा. अर्धाच. अर्धा गळा, एक खांदा, बाही बसवायचा एक मुंढा. खडूने रेघ, मग कात्रीचा एक दीर्घ, न थबकणारा कर्रर्र आवाज. घडी उघडली की पुस्तक उघडावे तसा पूर्ण अंगरखा समोर पसरतो, डावी बाजू उजवीसारखी हुबेहूब. सव्वीस वर्षांत त्यांनी असे किती देह दुमडले आणि उलगडले असतील, कोण जाणे.

त्यांचे स्वतःचे कपडे मात्र घडीवर कापता येत नसत.

तेराव्या-चौदाव्या वर्षी त्यांची उजवी छाती भरू लागली आणि डावी जणू विचारच करीत राहिली. आई म्हणाली, "होईल सारखं, दम धर." त्यांनी दम धरला. वर्ष गेले, दोन गेली, लग्न झाले, मुलगी झाली, ती मोठी होऊन दुसऱ्या शहरी नोकरीला गेली. डावी बाजू आपल्या मतावर ठाम राहिली. दोहोंच्या घेरात दोन इंचांचे अंतर होते. मास्तरांनी मऊ सुती कापडाचे सात थर शिवून एक चकती केली आणि ती प्रत्येक कपड्याच्या आत डावीकडे कायमची टाचली. शिवणवर्गात मुली एकमेकींची मापे घेत, तेव्हा या कोणालाही जवळ येऊ देत नसत. आपले माप आपणच घेऊन वहीत लिहीत. आडव्या पट्ट्यांचे कापड त्यांनी जन्मात अंगाला लावले नाही, कारण पट्टी चुगलखोर असते, उंचवटा कमी-जास्त असला की लगेच वाकून सांगते. बारीक फुलांचे कापड, एवढीच त्यांची सारी चैन.

हे ठाऊक होते ते नवऱ्याला. ते लिफ्ट दुरुस्तीचे काम करतात आणि दिवसाकाठी मोजून बोलतात. लग्नानंतर लवकरच एकदा त्यांनी बायकोचे सांत्वन केले होते. म्हणाले, "अगं, दोन्ही दोरांना ताण कधी सारखा नसतो. लिफ्ट चालते ना?" आपण फार हळुवार काहीतरी बोललो असे त्यांना वाटले. मास्तर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरविले. आजार नव्हता, वेदना नव्हती. "मला बघायचं होतं," एवढेच कारण त्यांनी मला सांगितले, "की सारखं असलं म्हणजे कसं असतं." जिज्ञासेपोटी माणसे समुद्र ओलांडतात, पर्वत चढतात, आणि आपण त्यांची वाहवा करतो. जिज्ञासेचा प्रांत स्वतःचेच अंग असेल तर मात्र लोक भुवया उंचावतात. हा भेद मला कधी नीटसा कळलेला नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी डॉक्टरबाईंनी त्यांच्या अंगावर जांभळ्या शाईने खुणा केल्या, त्या वेळचा प्रसंग मास्तर रंगून सांगतात. डॉक्टरांनी त्यांना उभे केले, दोन्ही पाय जुळवायला लावले, आणि गळ्याच्या खळगीपासून खाली सरळ रेघ ओढली.

"आडवं नाही करत आखायला?" मास्तरांनी विचारले.

"नाही हो. आडवं केलं की सगळं सरकतं. उभ्यानेच आखायचं."

"आम्ही पण उभ्यानेच माप घेतो. आणि खडू का नाही?"

"पुसला जाईल."

"हां. आम्हाला पुसलेलाच हवा असतो."

डॉक्टरबाई हसल्या आणि त्यांची रेघ किंचित हलली. त्यांनी ती स्पिरिटने पुसून पुन्हा ओढली. त्या पुन्हा ओढण्याने मास्तरांचा त्यांच्यावर विश्वास बसला.

डावीकडे आत एक मऊ, पारदर्शक गादी बसविली गेली. उजवी बाजू थोडी कमी करून वर उचलली गेली. तिसऱ्या दिवशी मास्तर घरी आल्या. दोन्ही हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, दोन किलोच्या वर काही उचलायचे नाही, कुशीवर झोपायचे नाही, आणि छातीला आवळून धरणारी, पुढून आकड्यांनी बंद होणारी घट्ट बंडी अहोरात्र घालायची, असे सहा आठवडे काढायचे होते. हात वर न करता केस कसे विंचरणार? म्हणून त्यांच्या थोरल्या नणंदबाई राहायला आल्या. या नणंदबाईंनी टपाल खात्यात चौतीस वर्षे पत्रे वेगळी केली होती. आता निवृत्त होऊन त्या माणसांची वर्गवारी करतात. मास्तर त्यांना 'वन्सं' म्हणतात.

वन्संना "छातीचं ऑपरेशन" एवढेच कळविले होते. त्या डोळ्यांत पाणी घेऊनच दारात उभ्या राहिल्या. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी खरे ते सांगून टाकले. वन्संच्या हातातली फणी केसांतच थांबली.

"म्हणजे गाठबीठ काही नाही?"

"नाही वन्सं."

"आणि मी तिकडे चार जणींना रडवून आले!"

"मी कुठे सांगितलं होतं गाठ आहे म्हणून?"

"नाही म्हणून तरी कुठे सांगितलंस? अगं, असल्या वयात बाईने छातीचं ऑपरेशन म्हटलं की माणसाने काय समजावं? नवी बसवून आणली, असं?" आणि मग फणी पुन्हा सुरू करीत, हळूच, "दुखतंय का फार?"

"दुखत नाही. अनोळखी वाटतंय."

"पाहुणी आली आहे म्हण. राहील थोडे दिवस बावरलेली."

यानंतर वन्संनी या विषयावर टोमणा मारला नाही असे नाही. पण रोज सकाळी केस विंचरताना प्रश्न विचारणे मात्र सुरू केले. आज कसे वाटते? अजून बधिर आहे का? मास्तरही बारकाईने सांगत. डावीकडची त्वचा स्पर्शाला गार लागते. मधूनच विजेचा झटका बसावा तशी एक कळ बगलेपासून धावत जाते. डॉक्टर म्हणतात, तो नसा जाग्या होण्याचा प्रकार आहे. जांभळे डाग हिरवट झाले, मग पिवळे, मग चहाचा डाग धुवावा तसे फिके. टाक्यांपाशी खाज सुटते आणि खाजविता येत नाही. मास्तरांना सर्वांत अप्रूप होते ते शिवणीचे. आरशात न्याहाळून त्या म्हणत, "सगळी शिवण आतून आहे वन्सं. वरून टाका म्हणून दिसत नाही. शेवटची गाठ कुठे मारली असेल?"

तपासणीला गेल्यावर त्यांनी ते डॉक्टरबाईंना विचारलेच. गाठ आतच असते आणि दोरा काही आठवड्यांनी विरघळून जातो, हे ऐकून त्या थक्क झाल्या. "असला दोरा आमच्याकडे आला तर धंदाच बसेल," असे म्हणून त्या घरी परतल्या.

येथवर सारे कौतुकाचे होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी टेप हातात घेतली.

शिंप्याच्या टेपवर इंचाचे आठ भाग असतात. प्रत्येक भागाला सूत म्हणतात. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत जे अंतर त्याला कपड्यात फार महत्त्व. तेथे एक सूत चुकले तर चुणी पडते. स्नानाआधी, न्हाणीघराचे दार लावून, मास्तरांनी हे अंतर दोन्हीकडे मोजले. डावीकडे साडेनऊ इंच. उजवीकडे सव्वादहा. सहा सुतांचा फरक. डावी बाजू पाऊण इंच वर बसली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. सहा. मग पाच. पाच. चार. आकडे त्या खाकी कागदाच्या एका तुकड्यावर लिहीत व तो तुकडा कपाटात चादरींखाली ठेवीत. चौथ्या आठवड्यात पुन्हा पाच झाले आणि पाचच राहिले. तेव्हा त्यांचे जेवणावरून लक्ष उडाले. इतकी वर्षे थांबून, देह फाडून घेऊन, हाती आले ते पुन्हा वाकडेच? आधी निदान ते निसर्गाचे होते. आता ते कोणाच्या तरी हातचे काम होते, आणि हातचे काम पाच सूत चुकलेले त्यांनी सव्वीस वर्षांत कधी मेजावरून पुढे जाऊ दिले नव्हते.

त्यांनी डॉक्टरबाईंना फोन केला आणि पुन्हा करता येईल का असे विचारले. डॉक्टर म्हणाल्या, "अहो, आत्ता मोजूच नका. गादी आधी वरच असते, हळूहळू खाली येते. सूज दोन्हीकडे सारखी उतरत नाही. तीन महिने द्या, बसेल नीट."

फोन ठेवून मास्तर नवऱ्याला म्हणाल्या, "खोटं बोलतात."

"डॉक्टर कशाला खोटं बोलतील?"

"का नाही बोलणार? मी नाही बोलत? गिऱ्हाइकाला खांदा नीट बसला नाही की मीच सांगते ना, एक धुणं होऊ द्या, आपोआप बसेल. एकही खांदा धुऊन बसलेला नाही आजवर. उसवूनच काढावा लागतो."

"म्हणजे?"

"म्हणजे सहाव्या आठवड्याच्या तपासणीला मी सांगणार. पुन्हा करा म्हणून. तारीखच घेणार."

पहिल्या वेळी भुलीतून जागे व्हायला मास्तरांनी फार उशीर केला होता. बाहेरच्या बाकावर नवरा एकटे बसले होते, आणि आतून येणारी प्रत्येक परिचारिका त्यांच्याकडे न बघता जात होती. तो उशीर ते विसरले नव्हते. म्हणाले, "तू म्हणशील तसं. पण मी त्या बाकावर पुन्हा बसणार नाही. उभा राहीन."

हे ऐकून मास्तरांना रडू आले. तरीही निश्चय ढळला नाही. पाच सूत म्हणजे पाच सूत.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी न्हाणीघराची कडी नीट लागली नाही. वन्सं टॉवेल द्यायला आल्या, दार ढकलले, आणि समोर पाहतात तो मास्तर मान खाली घालून, हनुवटीने टेपचे टोक खांद्याशी दाबून, वाकून टेपवरचे आकडे वाचीत आहेत.

मास्तरांनी टॉवेल ओढून घेतला. "वन्सं, दार!"

पण वन्संचे लक्ष अंगाकडे नव्हतेच. त्यांनी विचारले, "मान खाली घालून कोण माप घेतं गं?"

"काय?"

"मला तर ओरडतेस! 'समोर बघा वन्सं, खाली बघू नका, मान वाकली की पुढचा भाग आखडतो.' वीस वर्षं ऐकतेय मी. आणि तो उजवा खांदा कुठे चाललाय तुझा? कानाला टेकलाय."

मास्तरांनी आरशात पाहिले. दुखऱ्या बाजूला जपता जपता उजवा खांदा पाच आठवड्यांत वर चढून बसला होता, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

स्वतःचे माप स्वतः घ्यायचे नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. डोळा आणि टेप एकाच देहात असले की देह दोघांनाही फसवितो. न्यायशास्त्रात म्हणतात, धूर दिसला म्हणून अग्नी आहे असे ठरविण्याआधी तो धूरच आहे, धुके नव्हे, याची खात्री करून घ्यावी. मास्तरांनी हा धडा शेकडो जणींना दिला होता. पण त्यांच्यापाशी दुसरा मार्गच कोठे होता? डॉक्टरबाई सोडल्या तर जन्मभर त्यांनी आपले माप दुसऱ्या कोणाला घेऊ दिले नव्हते. सात थरांच्या चकतीचा सारा बंदोबस्त त्या एका नकारावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरून झाल्यावर त्यांनी ती टेप वन्संच्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही घ्या."

"मी? मला पत्रं वाचता येतात, टेप नाही."

"आकडेच तर आहेत. बारीक रेघा मोजा. आठ झाल्या की एक इंच."

वन्संनी चष्मा बदलला. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, बंडीचे आकडे काढले, दोन्ही खांदे सैल सोडले, आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरल्या पाण्याच्या टाकीवर नजर लावली. एका परक्या हाताची बोटे टेप घेऊन खांद्यावर टेकली. दवाखाना सोडला तर सत्तेचाळीस वर्षांत प्रथमच.

"श्वास घे गं. पुतळा झालीस," वन्सं म्हणाल्या. मग टेपवरच्या रेघा नखाने मोजल्या. "हं. डावीकडे नऊ, आणि... सहा रेघा."

"पावणेदहा. उजवीकडे?"

"थांब, घाई नको, टपाल चुकतं. दहा. बरोब्बर दहा. रेघ नाही एकही."

दोन सूत. पाच नव्हे. मास्तरांनी पुन्हा मोजायला लावले, पुन्हा दोनच. पण एवढ्याने सुटल्यासारखे वाटावे, तर मास्तर मास्तर कसल्या? "दोन म्हणजे दोन," त्या म्हणाल्या. "दोन सुतांसाठीसुद्धा मी कापड परत पाठवते."

वन्संनी चष्मा कपाळावर सरकवला. "बरं, माझं घे."

"तुमचं कशाला?"

"अगं घे तर. दोन सूत म्हणजे केवढं, ते मला कळायला नको?"

मास्तरांनी कपड्यावरूनच, सराईतपणे, वन्संच्या उजव्या खांद्यावर टेप लावली, आकडा पाहिला आणि टेप गुंडाळू लागल्या.

"आणि डावीकडचं?"

"डावीकडचं नाही घेत."

"का?"

मास्तर थांबल्या. हा प्रश्न सव्वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. "घडीवर कापायचं असतं ना वन्सं. एका बाजूचं पुरतं."

"एका बाजूचं पुरतं?" वन्संनी कमरेवर हात ठेवले. "मग दुसरी बाजू कशी असते ते तुला काय ठाऊक?"

या प्रश्नापाशी मी अनेकदा थबकून राहिलो आहे. ज्या बाईंनी सहस्रावधी देह मोजले, त्यांनी खरे तर सहस्रावधी अर्धेच देह मोजले होते. दुसरे अर्धे त्यांनी पाहिलेले नव्हते, केवळ उलगडलेले होते. कापडाची घडी उघडली की दोन बाजू सारख्या निघत, आणि त्यावरून त्यांनी धरून चालले की माणसेही तशीच असतात. साऱ्या जगात घडी न बसणारी आपण एकटी. त्यांच्या मनातल्या त्या सममित जगाला कापडाखेरीज दुसरा पुरावा नव्हता. इतर कोणत्याही धंद्यातली बाई ही चूक करू शकली नसती. तिला निदान संशय तरी आला असता.

मास्तरांनी टेप पुन्हा उलगडली आणि वन्संच्या डाव्या खांद्यावर लावली. वाचली. पुन्हा वाचली.

"किती?" वन्संनी विचारले.

"तीन सूत."

"कमी का जास्त?"

"डावं खाली आहे. तीन सूत."

"तीन!" वन्सं खुर्चीवर बसल्याच. "म्हणजे मी तुझ्याहून वाकडी? आणि पासष्ट वर्षांत कुणी सांगितलं नाही मला! माझे कपडे तूच शिवतेस ना? मग ते डावीकडे जरा ओढल्यासारखे होतात ते..."

"तुम्ही पिशवी तिकडे अडकवता म्हणून, असं मी म्हणायची."

"पिशवीवर ढकललंस होय!"

त्या दिवसापासून मास्तरांना वेड लागले, असे नवऱ्याचे म्हणणे. तपासणीला नऊ दिवस उरले होते. शेजारणी, समाचाराला येणाऱ्या कारखान्यातल्या बायका, औषधे आणून देणारी दुकानातली मुलगी, जो कोणी दारात येई त्याला त्या उभे करीत. समोर बघा. खांदे सोडा. श्वास रोखू नका. खांदा ते टोक, खांदा ते कंबर, दोन्हीकडे. नवऱ्यालाही सोडले नाही. त्यांच्या दोन खांद्यांत चार सूत निघाले आणि सगळ्या सदऱ्यांची एक बाही का आखूड होते याचा उलगडा झाला. माझेही माप झाले. त्याचा निष्कर्ष मी येथे नोंदविणार नाही. इतकेच सांगतो की माझ्या चालण्याविषयी घरातली मंडळी जे म्हणत आली आहेत त्यात तथ्य आहे.

सतरा माणसे झाली. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या अशी एकच निघाली, तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यीण. बाकी कोणाचे एक सूत, कोणाचे दोन, एकीचे तर सात. सात सूतवालीने माप ऐकून, "असं होय," म्हटले आणि चहा मागितला. तिला त्याचे काहीच वाटले नाही, याचेच मास्तरांना किती तरी वेळ आश्चर्य वाटत राहिले.

सहाव्या आठवड्यानंतर त्या दवाखान्यात गेल्या तेव्हा नवरा बाहेरच्या बाकापाशी, म्हटल्याप्रमाणे, उभे होते. डॉक्टरबाईंनी टाके पाहिले, हात वर करायला लावले, समाधानाने मान डोलावली, आणि मग सावधपणे म्हणाल्या, "फोनवर तुम्ही पुन्हा करण्याचं म्हणत होता. माझं मत अजून तेच आहे, थांबावं. पण तुमचा आग्रहच असेल तर तीन महिन्यांनी तारखेचं बोलू."

"त्याआधी एक विचारू? आखताना तुम्ही सगळ्यांचं दोन्हीकडचं माप घेता?"

"घेते. नेहमी."

"सारखं निघतं कुणाचं?"

"माझ्याकडे येतात त्या फरक असतो म्हणूनच येतात हो."

"म्हणजे येत नाहीत त्यांचं तुम्हालाही ठाऊक नाही."

"पुस्तकात वाचलेलं आहे. स्वतः मोजलेलं... नाही."

मास्तरांनी पिशवीतून खाकी कागद काढून टेबलावर पसरला. सतरा नावांच्या जागी सतरा खुणा आणि पुढे दोन-दोन आकडे. डॉक्टरबाईंनी तो कागद बोटाने ओळ धरून वाचला, जसा एखादा ताम्रपट वाचावा. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "हे आधी ठाऊक असतं, तर ऑपरेशन केलं असतंत?"

"केलंच असतं," मास्तर तत्काळ म्हणाल्या. "माझं दोन इंच होतं. इंचासाठी उसवतात, सुतासाठी नाही उसवत. उसवलं तर कापडच जातं."

"मग तारीख?"

"नको. टाके दाखवायला येईन, तुम्ही सांगाल तेव्हा."

डॉक्टरबाईंनी फाइलवर काहीतरी लिहिले आणि फाइल मिटली. पण मास्तर उठल्या नाहीत. त्या टेबलापलीकडे डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाकडे, कोटाच्या दोन खांद्यांकडे, डोके किंचित कलते करून पाहत होत्या.

"तुम्ही जरा उभ्या राहता का?" त्यांनी विचारले.

"मी? कशाला?"

"फक्त खांदे. कोटावरूनच घेईन."

बाहेर तीन रुग्ण ताटकळले होते. डॉक्टरबाईंनी दाराकडे पाहिले, मग घड्याळाकडे, आणि मग त्या उभ्या राहिल्या. दोन्ही पाय जुळवले. मास्तरांनी त्यांच्या पाठीशी जाऊन टेप उलगडली.

"समोर बघा," त्या म्हणाल्या. "खाली नाही."